तालुक्याला बालमनोविकारतज्ज्ञ आले, तर त्यांच्याकडून नेमकं काय मागावं?

फळा_खडू (धागाकर्ती)

सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. ज्यांचे आजी-आजोबा आहेत ती पोरं हंगामी वसतिगृहात जेवून रात्री घरी जातात. ज्यांचं मागे कोणीच नाही ती शाळेतच झोपतात, सोबतीला स्वयंपाकाच्या मावशी.

दोन हंगामांपूर्वी तिसरीतला एक मुलगा अंथरूण ओलं करायला लागला. आधी असं कधी होत नव्हतं. आई-बाप टोळीबरोबर गेले आणि आठवड्याभरात सुरू झालं. मावशी मायाळू आहेत, पण रोज पहाटे गोधडी धुवायची आणि ती वाळेपर्यंत दुसरी आणायची कुठून, हा त्यांचा प्रश्न खराच होता. थंडीत जाड गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही. मग त्याचं संध्याकाळपासून पाणी बंद झालं. मग ओरडणं सुरू झालं. एके दिवशी मोठ्या पोरांनी त्याची गोधडी शाळेच्या कुंपणावर, रस्त्याच्या बाजूनं वाळत टाकली. त्या दिवसापासून तो वर्गात बोलेनासा झाला. हजेरीला 'हजर'सुद्धा म्हणेना, नुसता हात वर करायचा. गावातून अंगारा आला, गळ्यात गंडा आला. मला काही सुचत नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा बालमनोविकारतज्ज्ञ येऊ लागल्या होत्या. मी मावशींनाही सोबत घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला पाठवली, साखर बघितली, पोट दाबून बघितलं आणि शौचाला कधी जातोस ते विचारलं. जंतुसंसर्ग नव्हता, मधुमेह नव्हता, बद्धकोष्ठ मात्र होतं. शाळेच्या संडासाला आतून कडी लागत नव्हती म्हणून तो दिवसभर जायचंच टाळत होता. आठ तास त्याच आवारात असूनही मला हे माहीत नव्हतं.

मुलाशी त्या दहा-पंधरा मिनिटं बोलल्या असतील. मावशींशी अर्धा तास बोलल्या. "तुम्हाला किती वाजता उठावं लागतं?" इथून सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, "काय करू मॅडम, बाकीची पोरं वास येतो म्हणतेत, मलाच वाईट वाटतंय." मग डॉक्टरांनी एकेक सांगितलं. दिवसभर पाणी भरपूर द्या, फक्त झोपायच्या आधी तासभर थांबवा. निजताना लघवीला पाठवा. गोधडीखाली प्लास्टिकचा कागद घाला. ओलं झालंच तर त्याला सोबत घेऊन गुपचूप बदला, बोलायचं काहीच नाही. हे तो मुद्दाम करत नाही, हे त्यांनी मावशींना तीन वेळा तरी सांगितलं. कोरड्या रात्रीची चांदणी त्यानं स्वतःच्या वहीच्या शेवटच्या पानावर काढायची, भिंतीवर नाही. आणि आईचा फोन. फोन येतच होता, पण कधीही, मुकादमाचा मोबाईल मोकळा असेल तेव्हा. डॉक्टर म्हणाल्या, आठवड्यातून दोनदाच येऊ दे, पण वार आणि वेळ ठरलेली असू दे. कधी येणार ते त्याला आधी कळलं पाहिजे.

गोळी एकही दिली नाही. कडी मी दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली. संक्रांतीपर्यंत ओल्या रात्री आठवड्याला एक-दोनवर आल्या. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आई परत आली तेव्हा जवळपास थांबलंच होतं. वर्गात बोलायला मात्र त्याला जून उजाडला.

डॉक्टर चार महिने आल्या आणि मग ते बंद झालं. ज्या देणगीतून त्यांचा प्रवासखर्च निघत होता ती संपली. आता मी आणि आमच्या शाळांच्या केंद्रातले आणखी काही शिक्षक मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र देणार आहोत. 'बालमनोविकारतज्ज्ञ मिळावेत' एवढंच लिहिलं तर उत्तर येईल की पद नाही. म्हणून विचारते आहे. आले तर त्यांनी नेमकं काय करावं, कोणतं काम त्यांचंच आहे, कोणतं आपण करू शकतो? इथे डॉक्टर आहेत, पालक आहेत. मोकळेपणानं लिहा.

माझं मत आधीच सांगते. दिवसभर केसपेपर लिहून संध्याकाळी निघून जाणारे डॉक्टर मला नको आहेत. त्या अर्ध्या तासात मावशी जे शिकल्या ते त्यांनी पुढच्या हंगामात आणखी दोन पोरांसाठी केलं, मला न विचारता.

नदीकाठचा_बाप

बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा. अतिचंचलतेचं निदान पुण्यात झालं, त्याला दोन वर्षं झाली. डॉक्टर चांगले आहेत, गोळीनं फरकही पडला. पण ती गोळी, मिथिलफेनिडेट, औषध कायद्याच्या 'एक्स' अनुसूचीत येते. तिच्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीही दोन प्रतींत लागते, एक त्याच्याकडे राहते. आमच्या तालुक्यात ती कोणीच ठेवत नाही. गोळ्या आणायला दर महिन्याला मी एक दिवसाची मजुरी बुडवून पुण्याला जातो. दोनदा जमलं नाही, तेव्हा गोळी आठ-दहा दिवस बंद पडली आणि शाळेतून तक्रारी सुरू झाल्या.

पत्रात हे लिहा. तालुक्याला डॉक्टर आले आणि औषध जिल्ह्यालाही नसलं तर आमच्यासारख्यांचं काय होणार?

सोनचाफा

अनुमोदन. आमच्याकडे दहावीच्या वर्षी अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी अशीच पळापळ झाली. मुलगी तिसरीत असताना कोणी सांगितलं असतं तर सात वर्षं तिनं मार आणि टोमणे खाल्ले नसते. जास्त लिहवत नाही.

डॉ_आंबेमोहोर

मी बालमनोविकारतज्ज्ञ आहे. पुण्यात काम करतो आणि सहा वर्षं महिन्यातून एक दिवस एका तालुक्याला जातो. बाईंच्या प्रश्नाला जमेल तितकं सरळ उत्तर देतो.

आधी जे आमचंच काम आहे ते. चौथीतली एक मुलगी माझ्याकडे आली. वर्गशिक्षिकेनं चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मध्येच हरवते, दहा हाका माराव्या लागतात, वाक्य अर्धं सोडते.' घरचे म्हणत मंद आहे. मधल्या एका समुपदेशकांना लक्ष न लागण्याचा विकार वाटला होता, आणि चिठ्ठी वाचून कोणालाही तसंच वाटेल. माझ्या पिशवीत कागदाचं भिरभिरं असतं. तिला म्हटलं, हे फुंकत राहा, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. दोनेक मिनिटं फुंकलं असेल. भिरभिरं थांबलं. नजर समोर खिळली, पापण्या बारीक फडफडल्या, हात तसाच हवेत. आठ-दहा सेकंद. मग तिनं जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा फुंकायला सुरुवात केली. मध्ये काही झालं हे तिला ठाऊकच नव्हतं. ही अपस्माराचीच एक जात आहे. त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसतं क्षणभर विझल्यासारखं होतं, आणि भराभर श्वास घेतला की हा झटका बऱ्याचदा डोळ्यांसमोर येतो. मेंदूचा आलेख काढला, बालरोगतज्ज्ञांनी औषध सुरू केलं. तिला दिवसातून किती वेळा असं होत असेल आणि फळ्यावरचं किती निसटत असेल, विचार करा.

असं निदान, औषध सुरू करायचं की नाही हा निर्णय, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारं मूल, खाणंपिणं सोडलेलं मूल, भास होणारा किशोर, ही आमची कामं आहेत. ती दुसऱ्या कोणावर ढकलू नयेत. पण बाईंच्या मुलाचं प्रकरण बघा. त्यात डॉक्टरचं काम तपासण्या करून शारीरिक कारण बघण्याचं आणि मावशींना उभं करण्याचं होतं. बाकी सगळं मावशींनी केलं.

आता व्यवस्थेची अडचण, कारण पत्रात तिचा उपयोग होईल. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून त्यातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. त्यात मनोविकारतज्ज्ञ असतात, पण ते बहुतेक मोठ्यांचे असतात. एम.डी.च्या शिक्षणात मुलांच्या विभागात थोडंच काम करायला मिळतं. फक्त बालमनोविकारशास्त्राचं पुढचं शिक्षण बंगळूरूचं निम्हान्स, चंदीगडचं पीजीआय अशा मोजक्या ठिकाणी आहे. दुसरीकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका आणि गाडी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात आणि मुलांच्या विकासातले अडथळेही तपासतात. संशय आला तर मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची पदं आहेत. मनोविकारतज्ज्ञाचं पद तिथे नाही, ते त्या दुसऱ्या कार्यक्रमात आहे. म्हणजे एकाच आवारात दोन इमारती, दोन नोंदवह्या, आणि दोन्हींच्या मध्ये मूल. मी स्वतः पाहिलंय, पलीकडच्या इमारतीत मनोविकारतज्ज्ञ बसलेले असतात आणि आई मुलाला घेऊन एस.टी.नं परत जाते, कारण तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

नवीन पद मागाल तर वर्षं जातील. या दोन इमारतींनी महिन्यातला एक दिवस एकत्र बसावं, हे मागा. त्यासाठी नवा पैसा फारसा लागत नाही.

गटप्रवर्तक_ताई

डॉक्टरसाहेबांचं पटलं. पण आशांच्या बाजूनंही कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिते. माझ्याकडे बावीस आशा आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, मोतीबिंदू, सगळी सर्वेक्षणं त्यांच्याच डोक्यावर. आता मुलांच्या मनाची नवीन नोंदवही आली तर ती भरली जाईल, पण नुसतीच भरली जाईल.

आणि एक घडलेलं सांगते. आमच्या एका आशानं अडीच वर्षांचा मुलगा हेरला. नावानं हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आईचा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवतो. तिनं एका प्रशिक्षणात ऐकलं होतं ते लक्षात ठेवलं होतं. घरच्यांना चार वेळा जाऊन पटवलं, स्वतः रिक्षानं सोबत गेली. तिथल्या दवाखान्यात सांगितलं, "मुलगा आहे, उशिरा बोलेल, याचा बापही उशिरा बोलला असेल." सासूनं गावभर सांगितलं, आशानं उगीच आमच्या नातवाला खोट काढली. दीड वर्षानं त्याच मुलाचं स्वमग्नतेचं निदान झालं. पण मधल्या काळात त्या आशानं एकही मूल पाठवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, मला त्याच गल्लीतून रोज जावं लागतं."

आम्हाला प्रशिक्षणाच्या बॅगा आणि जेवण नको. आशानं पाठवलेल्या मुलाचं पुढं काय झालं त्याची एक ओळ तिच्याकडे परत येऊ दे. "तुझी शंका बरोबर होती" किंवा "या वेळी तसं नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघ." डॉक्टरांनी एवढं केलं तरी माझ्या बावीसजणी काम करतील.

डॉ_आंबेमोहोर

ताई, हे वाचून मी थांबलो. आमच्याकडून परत चिठ्ठी जात नाही हे शंभर टक्के खरं आहे, माझ्याकडूनही जात नव्हती. पुढच्या महिन्यापासून केसपेपरवर 'कोणी पाठवलं' हा रकाना घालतो आणि निघण्यापूर्वी तिथेच बसून त्यांना निरोप देतो. आई-वडिलांना विचारूनच, आणि आतलं खासगी काही न सांगता.

नोंदवहीबद्दलही तुमच्याशी सहमत. आशांनी घरोघर जाऊन यादी करावी असं मी म्हणणार नाही. चार खुणा पुरेत. नावाला ओ न देणं, बोलणं येऊन पुन्हा जाणं, शाळेत जाणारं मूल अचानक जायचं थांबणं, आणि मरणाबद्दल बोलणं. शेवटची खूण दिसली तर माझ्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि मुलाला एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. घरातच मारहाण किंवा अत्याचार असेल तर मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे १९९६ मध्ये 'संगाथ' ही संस्था सुरू झाली, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. मनोविकाराची पदवी नसलेली स्थानिक माणसं नीट शिकवून, पाठीशी तज्ज्ञ ठेवून काय करू शकतात, यावर त्यांचं बरंच काम आहे. या धाग्याला लागू पडेल ते एक सांगतो. स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांसाठीचा एक उपचार त्यांनी गोव्यात आणि तिकडे रावळपिंडीत करून पाहिला, २ ते ९ वयाची ६५ मुलं होती, निष्कर्ष २०१६ साली आले. उपचार करणारे तज्ज्ञ नव्हतेच, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते.

पद्धत साधी आहे. आई मुलाशी खेळते त्याचा थोडा वेळ व्हिडिओ काढायचा, मग आईच्या शेजारी बसून तो तिला दाखवायचा. "बघा, इथे त्यानं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काय केलं होतं त्याच्या आधी?" माझ्या बहिणीनं असंच एका ताईंकडून शिकून घेतलं. तिला वाटायचं भाचा तिच्याकडे कधी बघतच नाही. व्हिडिओत दिसलं की तो बघतो, पण ती त्याच क्षणी पुढचं खेळणं पुढे करत असते. ती थांबायला शिकली. पहिल्यांदा तो क्षण स्क्रीनवर दिसला तेव्हा ती इतकी रडली की व्हिडिओ बंद करावा लागला.

हे बालमनोविकारतज्ज्ञानं स्वतः करायची गरज नाही. पण ज्यांनी हे केलं त्यांच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख सतत होती, एकदा शिकवून सोडून दिलं नव्हतं. पत्रात 'प्रशिक्षण' असा शब्द घालणार असाल तर त्याच्या शेजारी 'देखरेख' नक्की घाला.

काळी_माती

सगळं बरोबर आहे. पण गावात राहणाऱ्याच्या मनातली भीती कोणी लिहिली नाही. ग्रामीण रुग्णालयात 'मनोरुग्ण तपासणी शिबिर' असा फलक लागला की कोणता बाप पोरीला घेऊन त्या रांगेत उभा राहील? उद्या तिच्या सोयरिकीच्या वेळी कोणीतरी ते काढणारच. आणि एकदा कागद झाला की तो जन्मभर मागे लागतो. काही जणांना वाटतं, डॉक्टर दाखल करून घेतील, शॉक देतील. देवऋषीकडे निदान नाव तरी लिहून घेत नाहीत.

डॉ_आंबेमोहोर

ही भीती अगदी खरी आहे आणि ती कमी करणं हेही आमचंच काम आहे.

मी जिथे जातो तिथे सुरुवातीला तसाच फलक होता. तिसऱ्या महिन्यात तो काढून 'मुलांचा अभ्यास, झोप, वागणूक आणि बोलणं : सल्ला' असा लावायला सांगितलं, आणि खोली लसीकरणाच्या शेजारची घेतली. तिथे मूल कडेवर घेऊन कोणीही आलं तरी कोणी वळून बघत नाही.

दाखल करण्याबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अठराखालच्या मुलांना बरंच संरक्षण दिलं आहे. त्यांना मोठ्या रुग्णांबरोबर ठेवता येत नाही, सोबत पालक किंवा विश्वासातलं माणूस राहिलंच पाहिजे, आणि शॉकचा उपचार पालकांची संमती व कायद्यानं नेमलेल्या मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी घेतल्याशिवाय मुलांना देताच येत नाही. तालुक्याच्या दिवशी मी बघतो त्यातल्या बहुतेक मुलांना गोळीही लागत नाही. आणि कागदाबद्दल, तुमच्या मुलाच्या आजाराची माहिती तुमच्या परवानगीशिवाय शाळेला किंवा सोयऱ्यांना देता येत नाही. शाळेला सांगायचं असेल तर काय सांगायचं ते पालक आणि मी मिळून ठरवतो. वयात आलेल्या मुलाला त्यातही विचारतो.

देवऋषीकडे गेलेल्या कुटुंबाला मी कधी झापत नाही. ते मुलाच्या काळजीनंच गेलेले असतात. औषध चालू असेल तर ते थांबवू नका आणि मुलाला इजा होईल असं काही करू देऊ नका, एवढ्या दोनच गोष्टी मागतो.

थेम्सकाठी

मूळची सोलापूरची, इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या बालमनोविकार विभागात काम करते. इकडचं बघून मोह होईल, म्हणून आमचं चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिते.

इकडे १९९५ पासून चार पायऱ्यांची रचना मानली गेली. पहिल्या पायरीवर शिक्षक, आरोग्यसेविका, कुटुंबाचे डॉक्टर. दुसरीवर एकट्यानं काम करणारे मानसशास्त्रज्ञ वगैरे. तिसरीवर बालमनोविकारतज्ज्ञ असलेलं पूर्ण पथक. चौथीवर दाखल करण्याची सोय. कल्पना अशी होती की तज्ज्ञांचं ज्ञान वरून खाली झिरपेल. प्रत्यक्षात पायऱ्यांचे उंबरठे झाले. शाळेनं मूल पाठवायचं, वरून उत्तर यायचं की 'निकषात बसत नाही', आणि मूल आणखी बिघडलं की मग घ्यायचं. स्वमग्नतेच्या किंवा अतिचंचलतेच्या तपासणीसाठी कित्येक ठिकाणी वर्षाहून जास्त रांग आहे. २०१८ पासून शाळांशी जोडलेली मानसिक आरोग्य पथकं टप्प्याटप्प्यानं सुरू केली ती यावरचा उपाय म्हणूनच.

त्यामुळे बाईंच्या पत्रात एक भर. आमच्या विभागात मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे आठवड्यातला एक राखीव तास. त्या तासात कोणीही शिक्षक किंवा आरोग्यसेविका फोन करून मुलाचं नाव न सांगता विचारू शकते, "असं असं आहे, मी काय करू?" अर्ध्याअधिक वेळा मूल माझ्यापर्यंत यायची गरजच उरत नाही. उरलेल्या वेळी मी म्हणते, आजच पाठवा, आणि त्या मुलाचे सहा महिने वाचतात. फोनवर तासाला चार-पाच प्रश्न होतात. तेवढ्या वेळात मी नवीन मूल एकच तपासू शकते.

जुनी_परळ

निवृत्त समाजकार्यकर्ती आहे, मुंबईत आयुष्य गेलं. एक जुनी गोष्ट नोंदवते. १९३६ साली मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली आणि १९३७ मध्ये तिनं बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. देशातलं ते पहिलं मानलं जातं. आमच्या शिक्षणात या केंद्रांची रीत अशी शिकवली गेली की डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता तिघांनी एका टेबलाशी बसून एका मुलाबद्दल बोलायचं, आणि त्याच्या आधी समाजकार्यकर्त्यानं घरी जाऊन यायचं. घर बघितल्याशिवाय चर्चा नाही. चाळीतल्या एका खोलीत सातजण झोपतात हे कळल्यावर 'मूल रात्री अभ्यास करत नाही' या तक्रारीचा अर्थच बदलायचा.

तुमच्याकडे ते घर बघितलेलं माणूस म्हणजे आशा, अंगणवाडीताई आणि तुम्ही स्वतः. डॉक्टर आले की त्या दिवशी तुम्हाला आत बसवून घ्यावं, दाराबाहेर ठेवू नये. हे जरूर लिहा.

कोरडवाहू

मी थोडं विरोधी लिहितो, राग मानू नका. आमच्या जिल्ह्यात मोठ्यांसाठीचेच मनोविकारतज्ज्ञ पुरेसे नाहीत. शेतकरी बापाला उपचार मिळेना, तिथे मुलांच्या तज्ज्ञांचा आग्रह आत्ता कशाला? आधी घरातला मोठा माणूस सावरला तर मूल आपोआप सावरेल.

फळा_खडू (धागाकर्ती)

राग कशाचा. बापाला उपचार मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण माझ्या वर्गातली दोन मुलं अशी आहेत की ज्यांचा बाप आता उपचार घ्यायला उरलेला नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी आत्ताच लागतं. शिवाय २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं ७.३ टक्के प्रमाण निघालं होतं. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण तोच अंदाज धरला तर आमच्या केंद्रातल्या आठवी-नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं बसतात. कोणती, ते मी अंदाजानं सांगू शकते. त्यांच्यासाठी काय करायचं ते मात्र मला कोणी सांगितलेलं नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री आम्ही सातजण बसलो आणि तुमच्या पोस्टी मोठ्यानं वाचून पत्र पुन्हा लिहिलं. पद मागितलेलं नाही. महिन्यातला एक ठरलेला दिवस मागितला आहे, दुसरा मंगळवार, कारण त्या दिवशी आमच्याकडे बाजार नसतो आणि एस.टी.त जागा मिळते. त्या दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मनोविकारतज्ज्ञ आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या मानसशास्त्रज्ञ दोघांनी ग्रामीण रुग्णालयात एकत्र बसावं. बालमनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष येऊ शकत नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयातून त्या दिवशी एक तास व्हिडिओवर तरी मिळावेत. आठवड्यातून एक तास फोन. पाठवलेल्या प्रत्येक मुलामागे एक ओळ परत. अतिचंचलतेची औषधं निदान जिल्हा रुग्णालयात. लसीकरणाशेजारची खोली. मुलाला ओळखणारं माणूस आत. ऊसतोड हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, एकही मंगळवार चुकू नये, यावर मावशींनी स्वतः जोर दिला. त्यांचाही अंगठा पत्रावर आहे.

नदीकाठचा_बाप

औषधाचं घातलंत, उपकार झाले. एक विचारायचं राहिलं. आमच्या शेजारच्या वाडीतलं एक कुटुंब मुलीला पहिल्यांदाच डॉक्टरांकडे न्यायला तयार झालं आहे. मुलगी पाच वर्षांची, बोलत नाही. त्यांनी सोबत काय न्यावं?

डॉ_आंबेमोहोर

माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर आणा, त्यावर जन्माचं वजन आणि लसी असतात. जुन्या चिठ्ठ्या, फाटक्या असल्या तरी चालतील. मुलगी घरी खेळताना, जेवताना, कोणीतरी हाक मारताना असे दोन-तीन मिनिटांचे मोबाईलवरचे व्हिडिओ, तिला न सांगता, नेहमीसारखे काढलेले. अंगणवाडीताई दोन ओळी लिहून देत असतील तर फार उत्तम. ऐकू येतं की नाही याची तपासणी झालेली नसेल तर आधी तीच करून घेऊ. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती राहून गेलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. आणि दिवसभर जो माणूस तिच्याजवळ असतो त्यानं यावं, आजी असेल तर आजीनं. तिच्या आवडीची एखादी वस्तू, डबा, चमचा, काहीही, पिशवीत टाका. नवीन खोलीत तिला हातात धरायला काहीतरी ओळखीचं लागेल.